डाव्या हाताच्या बाटल्या

सोनारीच्या भैरवनाथाची जत्रा चैत्रात भरते. तिथं आमच्या दवाखान्याचं पथक दर वर्षी जायचं. पथक म्हणजे फार काही नाही. डॉक्टर, कंपाउंडर, एक शिपाई आणि मी. मी तिथं नर्स होते. माझे वडील तुळजापूरला शिक्षक. त्यांनी भाऊबंदांची बोलणी खाऊन मला सोलापूरला नर्सिंग शिकायला पाठवलं होतं, आणि शिकून झाल्यावर माझी पहिली नेमणूक परंड्याकडच्या एका गावात झाली. आम्ही तेव्हा मुंबई राज्यात होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण दवाखान्याच्या जुन्या कपाटांवर उर्दू अक्षरं अजून होती, आणि म्हातारी माणसं डॉक्टरला हकीमसाहेब म्हणत.

कंपाउंडरही त्याच काळातले. पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, पांढरा पायजमा, काळी टोपी, खिशात तपकिरीची डबी. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. विलीनीकरणानंतर कागदपत्रं मराठीत आली तेव्हा त्यांनी या वयात मराठी अक्षरं गिरवून घेतली होती. डॉक्टर सोडून आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.

तेव्हा औषध देण्याची रीत आजच्यासारखी नव्हती. गोळ्या थोड्या, मिक्श्चर जास्त. पेशंट घरून बाटली आणायचा. सरबताची, तेलाची, कधी दारूचीही. मामा ती खळबळून धुवायचे, मोठ्या बाटलीतून तीत औषध ओतायचे, आणि कागदाची पट्टी कातरीनं खाचा पाडून बाटलीला चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ते कळायचं.

मोठ्या बाटल्या त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर फळीवर असायच्या. डाव्या हाताला पोटात घ्यायची औषधं, उजव्या हाताला वरून लावायची. ही मांडणी त्यांनीच कधीतरी केली होती आणि कोणी ती मोडत नसे. पेशंटशी बोलता बोलता ते वळायचे, हात जायचा, बाटली यायची. लेबल ते पाहत असतील-नसतील. मला सुरुवातीला त्याचं फार कौतुक वाटायचं. मला एक बाटली शोधायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात ते दोन पेशंट मोकळे करायचे.

त्या फळीवर दोन पांढरी औषधं होती. एक हगवणीवरचं, खडूचं मिक्श्चर. दुसरं अंगदुखीवर चोळायचं, त्यात टर्पेंटाइन असायचं. हलवलं की दोन्ही दुधासारखी दिसत. एक डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये सगळी फळी.

सोनारीला आम्ही आधीच्या वर्षांत धर्मशाळेत बसायचो. तिथं मामांच्या पाठीमागं भिंतीत मोठं फडताळ होतं, त्यामुळं त्यांचा संसार दवाखान्यासारखाच मांडला जाई. पण जागा अपुरी पडायची, अंधारी होती, आणि माकडांचा फार त्रास. सोनारीची माकडं माणसाला भीत नाहीत. एकदा त्यांनी माझ्या ट्रेमधला कापूस पळवून देवळाच्या शिखरावर नेऊन पिंजला होता. म्हणून त्या वर्षी सरकारनं आमची सोय वाढवली. नवा तंबू आला, घडीची टेबलं आली, खुर्च्या आल्या. डॉक्टर खूश होते. पुण्याकडचे, तरुण, नीटनेटके. धर्मशाळेतल्या अंधाराबद्दल त्यांनीच वरती लिहिलं होतं.

शिपाई एक दिवस आधी सामान घेऊन गेला. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा त्यानं सगळं लावून ठेवलं होतं. तंबूच्या तोंडाशी लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर मोठ्या बाटल्यांची रांग. लेबलं सरळ, एका रेषेत.

"दवाखान्यात हाय तसंच मांडलंय बगा," तो म्हणाला. "डावीकडं पोटातलं, उजवीकडं चोळायचं. मामांनी कवाचं सांगितलेलं ध्यानात ठिवलंय."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि त्याला शाबासकी दिली. खरंच ते छान दिसत होतं.

जत्रेचा पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं. गावाबाहेरच्या विहिरींचं पाणी, उघड्यावरचे गूळ-शेंगदाणे, कलिंगडाच्या फोडी. दुपार व्हायच्या आत पोट बिघडलेल्यांची रांग तंबूपासून पार गाड्यांच्या तळापर्यंत गेली. मी बाजूच्या टेबलाशी कॉलऱ्याची टोचणी करत होते. डॉक्टर आत पेशंट तपासून चिठ्ठी द्यायचे, आणि मामा टेबलामागं उभे राहून औषध ओतायचे. ढोल, हलग्या, खोबऱ्याचा आणि कापराचा धूर, मधूनच "भैरवनाथाचं चांगभलं". बोललेलं ऐकू येत नव्हतं.

तामलवाडीकडची एक शेतकरी बाई नवऱ्याबरोबर आणि नणंदेबरोबर आली होती. सकाळपासून जुलाबानं गळून गेलेली. मामांनी तिला औषध दिलं आणि म्हणाले, "एक डोस इथंच घ्या, बाकीचं बिऱ्हाडावर." तिनं बाटली तोंडाला लावली.

मला ऐकू आला तो तिचा ठसका. खोकल्यासारखा नाही, पाणी नाकात गेल्यावर माणूस जसा धडपडतो तसा. मी सुई ठेवून धावले. ती खाली बसली होती, डोळ्यांतून पाणी, छाती धरलेली. नणंद तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी तिच्या हातातली बाटली घेऊन नाकाशी नेली. टर्पेंटाइनचा उग्र वास.

"डॉक्टर!" एवढंच मी ओरडले.

डॉक्टर आले. त्यांनी वास घेतला, बाईला आत नेऊन कुशीवर निजवलं. तिला उलटी आपसूक झाली, पण खोकला थांबेना, श्वासात घरघर यायला लागली. पोटात गेलेल्यापेक्षा छातीत गेलेल्याची भीती जास्त, असं डॉक्टर हळूच मला म्हणाले. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांची जीप त्यांनी मागून घेतली. तिला बार्शीला न्यायचं ठरलं.

बाहेर तिच्या नवऱ्यानं टेबलावरून वाकून मामांचं मनगट धरलं होतं.

"काय पाजलंस माज्या बायकूला? बोल की! काय पाजलंस?"

मामांनी हात सोडवून घेतला नाही. ते दुसऱ्या हातातल्या मोठ्या बाटलीकडे बघत होते. त्यांनी ती फिरवून लेबल आपल्याकडे केलं, वाचलं, आणि मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बाटलीकडे पाहिलं.

"चुकलं," ते म्हणाले. "माज्या हातनं चुकलं, बाबा."

डॉक्टर रागानं बाहेर आले. एवढ्या लोकांसमोर त्यांनी मामांना विचारलं, "लेबल वाचता येत नाही तुम्हाला? एवढं मोठं लेबल आहे!" डॉक्टरांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

जीपमध्ये मी बाईबरोबर गेले. रस्ताभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला ती खोकायची आणि मी नाडी धरून बसायचे. बार्शीच्या दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं तेव्हा ती शुद्धीवर होती, पण ताप चढायला लागला होता. नवरा आणि नणंद तिच्याजवळ राहिले. त्याच जीपनं मी दिवस मावळताना सोनारीला परत आले. तोवर तंबूत सगळ्यांनी मामांचा निकाल लावून टाकला होता. कोणी म्हणे, मामांना दिसत नाही. कोणी म्हणे, तपकिरीनं नाक मेलंय, नाहीतर वास आला नसता का. डॉक्टरांचं मत, सवयीनं माणूस बेफिकीर होतो. शिपाई म्हणाला, "वय झालं की असंच हुतंय."

मामांना दिसत होतं, हे मला माहीत होतं. माझी सुई ओवायची झाली तर मी त्यांना द्यायचे. पण त्या संध्याकाळी मीही त्यांची बाजू घेतली नाही. मला सुद्धा त्यांचा राग आला होता. मांडीवरचं ते डोकं मला विसरता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी औषध ओतायचं काम माझ्याकडे आलं. मामा रजेवर असले की दवाखान्यातही ते मीच करायचे. टोचणी डॉक्टरांनी स्वतः घेतली. मामा देवळाच्या वाटेवरच्या लिंबाखाली बसून होते. त्यांना परत गावी पाठवावं तर गाडी नव्हती.

सकाळी मी फार जपून काम केलं. प्रत्येक बाटली उचलायची, फिरवायची, लेबल वाचायचं, पुन्हा वाचायचं, मग ओतायचं. रांग हलेना. लोक मागून ढकलायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "अगं ए बाई, आमी औषिदाआधी मरतो की." मग नकळत माझा हात भराभर चालायला लागला. उन्हं चढली, एका पोराला कडेवर घेऊन एक माणूस आला. चिठ्ठीवर हगवणीचं मिक्श्चर. मी त्याच्याशी बोलत होते, किती वेळा झालं, पाणी पितंय का. आणि माझा डावा हात पुढं जाऊन बाटली घेऊन आला. बूच काढलं आणि वास आला.

तीच बाटली.

मी ती टेबलावर ठेवली. काल एक बाई मरणाच्या दारात गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. आजच्या दिवशी तरी माझा हात त्या बाटलीकडे जायला नको होता. माझे डोळे तरुण होते. तपकीर मी ओढत नव्हते. आणि बेफिकीर तर मी त्या दिवशी मुळीच नव्हते.

मी त्या माणसाला थांबायला सांगितलं आणि टेबलाला वळसा घालून पुढं, रांगेच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथून पाहिलं तर सगळं बरोबर होतं. डावीकडे पोटातली औषधं, उजवीकडे चोळायची. सगळी लेबलं माझ्याकडे तोंड करून, स्वच्छ वाचता येण्यासारखी.

दवाखान्यात बाटल्या भिंतीला. औषध काढताना मामा वळून त्यांच्याकडे तोंड करतात. इथं शिपायानं टेबलाच्या पुढं उभं राहून तीच मांडणी केली, आणि मामा टेबलाच्या मागं उभे राहिले. त्यांचा डावा हात चोळायच्या औषधांवर आला. लेबलं होती, पण ती रांगेतल्या लोकांकडे बघत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना अक्षर ओळखीचं नव्हतं. पहिल्या दिवशी गर्दी कमी होती, मामा बाटल्या फिरवून बघत होते, म्हणून निभावलं. गर्दी वाढली तसा हात जुन्या वळणावर गेला. माझाही तसाच गेला.

मी डॉक्टरांना हाक मारली. ते वैतागून आले.

"जरा इथं उभे राहा," मी म्हणाले. "आता मागं जाऊन उभे राहा."

त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. टेबलामागं उभे राहून ते बराच वेळ बाटल्यांच्या कोऱ्या पाठींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काल आपण माणूस बदलला. टेबल तसंच ठेवलं."

आम्ही चोळायची औषधं टेबलावरून उचलून पेटीत, टेबलाखाली ठेवली, म्हणजे घ्यायला मुद्दाम वाकावं लागेल. उरलेल्या बाटल्या फिरवून घेतल्या. पाच मिनिटांचं काम.

मग डॉक्टर स्वतः लिंबाखाली गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी मामांना सांगितलं, चूक बाटल्यांच्या मांडणीची होती, आज नर्सबाईंचा हातही तिकडेच गेला. मग म्हणाले, "मी काल लोकांपुढं तसं बोलायला नको होतं." माझ्या मते त्या काळच्या डॉक्टरनं एका कंपाउंडरला एवढं म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती.

मला वाटलं, मामांच्या जिवावरचं ओझं उतरेल. त्यांनी मान हलवली.

"साहेब, तुमचे उपकार. पण हात माजा हुता. टेबलाचा न्हवता."

"मामा, माझाही गेला ना हात?" मी म्हणाले.

"गेला, पर तुमी थांबला." "आन् टेबलाचीच चूक म्हनलं, तर मग मी तिथं कशापायी हुबा हुतो? मला काढून टाका आन् टेबलालाच पगार द्या."

त्यांनी आपली चूक आपल्याकडे ठेवून घेतली होती आणि ती कोणी काढून घेतलेली त्यांना नको होती. पण ती त्यांच्याकडे ठेवून आम्ही सगळे मोकळे झालो असतो, तर त्या कडेवरच्या पोराला मी टर्पेंटाइन पाजलं असतं. या दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात.

बाईचा ताप आठवड्यानं उतरला. छाती साफ व्हायला बराच काळ लागला, पण ती वाचली. हे कळलं त्या दिवशी मामा प्रथमच जेवले असं त्यांची बायको म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही, पण तोंड उतरलेलं होतं खरं. कामावर ते पुन्हा आले, पण आता प्रत्येक बाटली तीन-तीनदा वाचायचे. दुपार झाली तरी रांग संपायची नाही, आणि उशीर झाला की ते अधिकच घाबरायचे. अशा वेळी अधिक चुका होतील असं मला वाटायचं, म्हणून मी काही निमित्त काढून शेजारी उभी राहायचे.

पुढं चौकशी आली. जिल्ह्याहून एक साहेब आले. सभ्य होते, वयस्क, चहा घेऊन त्यांनी सरळ विचारलं, "चूक कुणाची?"

मामा म्हणाले, "माजी."

"मग प्रश्न मिटला."

डॉक्टर म्हणाले, "साहेब, मिटला नाही," आणि त्यांनी टेबलाची हकीकत सांगितली. मी शिपायाला टेबल अंगणात मांडायला लावलं. साहेब उठून आले, पुढं उभे राहिले, मागं उभे राहिले. त्यांना कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते हसून म्हणाले, "डॉक्टर, मी टेबलाला मेमो देऊ का? मला वर एक माणूस दाखवावा लागतो."

तेवढ्यात शिपाई पुढं आला.

"साहेब, म्या मांडलं म्हून आता माजी नोकरी जायाची का? म्या तर दवाखान्यात हाय तसंच मांडलं. ह्या समद्यांनी बघून चांगलं म्हनलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आम्ही टेबल टेबल म्हणत होतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातून दुसराच एक माणूस ऐकू येत होता. दोष उचलावा तर तो खाली कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायलाच लागतो अशी तेव्हाची रीत होती. आता निराळी आहे असं नाही.

"मांडलं कुणी ते विचारू नका, साहेब," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, नर्सनं चढवू नये एवढा. "यानं सांगितलं तसंच केलं. मामांनी रोजच्यासारखंच केलं. पुढच्या जत्रेला तिसरीच माणसं असतील, तीही असंच करतील. बाटल्या कशा ठेवायच्या, तेवढं सांगा."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. रागावतील असं वाटलं, पण ते म्हणाले, "तुम्हीच ठरवा आणि करा. मी नाही म्हणणार नाही." शिपायावर त्यांनी काही ठपका ठेवला नाही. मामांची बढती मात्र रोखली गेली. निवृत्त होईपर्यंत त्यांना ती मिळाली नाही, आणि त्यांनी कधी मागितलीही नाही.

ठरवा आणि करा हे बोलायला सोपं होतं. आम्ही पहिल्यांदा काय केलं, तर चोळायच्या औषधाच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला सुतळी गुंडाळली. हाताला खरखर लागली की कळावं, हे पोटातलं नाही. पेशंटच्या बाटलीलाही तशीच सुतळी. डॉक्टरांना ही युक्ती फार आवडली, मलाही. महिना-दोन महिने ती चालली. मग एक जण खोकल्याचं औषध संपलं म्हणून बाटली घेऊन आला, तर तिच्या गळ्याला सुतळी.

"ही कुणी बांधली?"

"म्याच. खुंटीला टांगाया. पोरं हात लावत्यात."

आणि दुसरीकडे, चोळायच्या औषधाची सुतळी सोडून एका बाईनं शेळीच्या करडाला बांधली होती. सुतळी होती, ती तिला लागली, तिनं वापरली. तिचं काय चुकलं? आमची खूण तिच्या घरी पोचलीच नव्हती, नुसती सुतळी पोचली होती.

मग मामाच एक दिवस म्हणाले, की बाटलीतनं देऊच नये. चोळायचं असेल तर मलम करून डबीत द्यावं. बाटली आली की माणूस तोंडाला लावणारच. शिपाई म्हणाला, डबीबी तोंडाला लावत्यात, माजा मेव्हणा लावतो, आणि सगळे हसले. मामासुद्धा. त्या प्रकरणानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. मलम सगळ्या दुखण्यांना चालत नसे. पण शक्य तिथं आम्ही मलम द्यायला लागलो, आणि पातळ औषध लागलंच तर पेशंटला बाकावर बसवून तिथंच चोळून पाठवायचो.

पुढच्या वर्षी सोनारीला ती तामलवाडीकडची बाई आली. नवस फेडायला. मी तिला ओळखलं नाही, तीच तंबूत शिरली आणि म्हणाली, "वळखलं का न्हाय, नर्सबाई?" मग मांडीवरचं डोकं आठवलं. मामा तिला चुकवून मागच्या बाजूनं बाहेर निघाले होते. तिनं त्यांना हाक मारून थांबवलं.

"मामा, मागचं काय मनात ठिवू नगा. मी जिती हाय की."

मामांनी हात जोडले.

मग ती माझ्याकडे वळून सहज म्हणाली, "वास मलाबी आला हुता, बाई. तोंडाशी न्हेलं तवाच आला. रंग लावत्यात दाराला, तसला."

"मग प्यालात कशाला?"

"सरकारी औषिद. डागदरानं लिव्हलेलं, मामांनी दिलेलं. म्हनलं असंच आसतंय. आमी कोन इचारनार?"

एवढ्या चौकशीत हा प्रश्न कोणी तिला विचारला नव्हता. साहेबांनी नाही, डॉक्टरांनी नाही, जीपमध्ये तिच्याजवळ बसलेल्या मीही नाही. त्या दिवशी तिथं ज्याला खरोखर कळलं होतं असं एकच माणूस होतं, आणि त्याला तोंड उघडायची सोय आम्ही ठेवली नव्हती. नाकाशी आलेला वास तिनं आमच्या भरवशावर गिळला.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. औषध हातात दिलं की विचारायचं, "हे कशाचं? कसं घेणार? सांगा मला." आणि वर म्हणायचं, "काही निराळं वाटलं, वास, चव, रंग, तर थुंकून टाका आणि आम्हाला येऊन शिव्या घाला." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सरकारी माणसाला शिव्या घालायच्या ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटे. पण काही जणी खरंच परत यायला लागल्या. बहुतेक वेळा औषध बरोबर असायचं, त्यांना उगाच शंका आलेली असायची. डॉक्टर वैतागायचे. मी म्हणायचे, येऊ द्या.

मामा निवृत्त होऊन नळदुर्गला मुलाकडे गेले. माझी बदली आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका दवाखान्यात झाली. महाराष्ट्र राज्य तोवर झालं होतं, पाट्या नव्या होत्या, इमारतही नवी होती. पहिल्या दिवशी तिथल्या कंपाउंडरनं मला कपाट उघडून दाखवलं. डोळ्यांत घालायचं औषध आणि कानात घालायचं औषध, सारख्या तपकिरी बाटल्यांत, एकाच कप्प्यात, एकमेकींना खेटून.

"ह्या अशा शेजारी का?" मी विचारलं.

"पहिल्यापासून हायत," तो म्हणाला. "पर हितं आजपतूर कधी चूक झाली न्हाय, बाई. आमी लई ध्यान देऊन काम करतो."

तो ध्यान देऊन काम करत असणार यात मला शंका नव्हती. मी पदर खोचला आणि कानाच्या बाटल्या उचलायला लागले. तो जरा वेळ कुरकुरत बघत उभा राहिला. मग खालचा कप्पा रिकामा करायला वाकला.